कॅम्पसच्या इमारतींची स्थिती-तपासणी आणि देखभालीचं नियोजन: नागपूरच्या संस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं यांच्या इमारती बघत फिरताना प्राचार्य, विश्वस्त, रजिस्ट्रार, वॉर्डन आणि कधीकधी चौकीदार जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका स्थापत्य अभियंत्याची आहेत, त्यामुळे मधूनमधून मतंही डोकावतील.

इमारतींची स्थिती-तपासणी म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?

कॅम्पसवरच्या प्रत्येक इमारतीचा एकेक भाग घेतो. गच्ची, कॉलम-बीम, बाहेरचं प्लास्टर, खिडक्या, संडास-नळ, पाण्याच्या टाक्या, वायरिंग, अर्थिंग, लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा, आवारातली गटारं आणि कंपाउंडची भिंत. प्रत्येक भागापुढे चार गोष्टी लिहितो: आज अवस्था काय, अजून साधारण किती वर्षं निघतील, नीट करायला किती खर्च येईल, आणि यंदा हात लावला नाही तर काय होईल. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक अहवालांत सापडतात. चौथी क्वचितच असते, आणि खरं म्हणजे बजेटच्या बैठकीत उपयोगी पडते ती तीच.

आमचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं आहे. मग पुन्हा हे कशाला?

स्ट्रक्चरल ऑडिट फक्त सांगाडा बघतं. इमारत उभी राहायला सुरक्षित आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. पण संस्थेचा पैसा सांगाड्यापेक्षा इतर ठिकाणी जास्त जातो: गळणारी गच्ची, दर दोन वर्षांनी जळणारा पंप, तिसऱ्यांदा मारलेला रंग, ड्रेनेजची तुंबलेली लाइन. ऑडिटचा अहवाल असेल तर तो फेकू नका, स्थिती-तपासणीतलं एक प्रकरण आयतं लिहून झालं असं समजा. फक्त त्यावरची तारीख बघा. पाच वर्षांपूर्वीचा असेल तर तो इतिहास म्हणून वाचायचा.

इमारत धडधाकट दिसते. बाहेरून एक तडा नाही.

नव्याने रंगवलेली असेल तर काहीच दिसणार नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येण्याआधी रंगवलेल्या इमारतींमध्ये तर मी रंगाकडे बघतच नाही, सरळ जिन्याखाली आणि संडासाच्या मागच्या भिंतीकडे जातो.

काँक्रीट आतून कसं बिघडतं ते थोडक्यात सांगतो. ताज्या काँक्रीटचा सामू १२-१३ च्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि बाहेरून आत असा हा सामू ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते सळईपर्यंत पोचलं आणि सोबत ओल असली की गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं, त्यामुळे आतून दाब येतो, सळईच्या रेषेत तडा पडतो आणि मग स्लॅबचे पोपडे खाली येतात. जुन्या स्लॅबमध्ये सळईखालचं काँक्रीट, ज्याला आपण कव्हर म्हणतो, जेमतेम १५-२० मिलिमीटर असतं. कित्येक ठिकाणी तेवढंही नसतं. पोपडा पडतो त्या दिवशी लोक म्हणतात अचानक पडलं. त्याची सुरुवात दहा-बारा वर्षं आधी झालेली असते.

पुण्या-मुंबईच्या याद्या आणि फॉर्म इंटरनेटवर मिळतात. तेच वापरले तर?

सांगाड्यासाठी चालतील. पण नागपूरच्या इमारती ज्या कारणांनी बिघडतात ती त्या याद्यांत नाहीत. मुंबईत समुद्राची खारी हवा आहे, तिथला अभियंता क्लोराइड शोधतो. इथे चार गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं आपल्याला नवीन नाही, आणि उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो. काँक्रीट दर अंशाला, दर मीटरमागे मीटरचा साधारण एक लाखावा भाग वाढतं. ३० मीटर लांबीचा स्लॅब घ्या आणि जानेवारीची पहाट ते नवतपातली दुपार एवढ्यात स्लॅबच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरा. लांबीत फरक पडतो १२ मिलिमीटर. हा स्लॅब दरवर्षी एवढा पुढे-मागे सरकतो आणि खालची वीटभिंत सरकत नाही. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात आडवा तडा पडतो. तो दिसला की लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा तो धोक्याचा नसतो. मात्र पावसाचं पाणी आत शिरायला तो रस्ता असतो. इमारत ४५ मीटरपेक्षा लांब असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एक्स्पान्शन जॉइंटचा, म्हणजे स्लॅबला सरकायला मुद्दाम ठेवलेल्या फटीचा, विचार व्हायला हवा. जुन्या लांबलचक वर्गखोल्यांच्या इमारतीत जॉइंट असतोही, पण कोणीतरी कधीतरी तो सिमेंटने बुजवून रंगवून टाकलेला असतो.

दुसरी, कूलर. हा प्रश्न बाहेरच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. होळी झाली की वसतिगृहाच्या प्रत्येक खिडकीबाहेर कूलर चढतो आणि पाऊस लागला की उतरतो. मधले तीन-साडेतीन महिने त्याचं पाणी छज्ज्यावर ठिबकत राहतं. छज्जा म्हणजे इमारतीतला सर्वांत पातळ काँक्रीटचा भाग. आठवड्याचे सातही दिवस ओला, वर कूलरचं आणि स्टँडचं वजन. वीस वर्षं हे चाललं की खालच्या बाजूने सळया उघड्या पडतात. मी पाहिलेल्या वसतिगृहांत पावसाने बिघडलेल्या छज्ज्यांपेक्षा कूलरने बिघडलेले जास्त आहेत. आणि शॉकचा धोका वेगळाच: लोखंडी बॉडी, पाणी आणि जोड दिलेली वायर. उन्हाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी दर वर्षी असतेच. कूलरच्या प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हा माझ्या यादीतला अगदी वरचा प्रश्न आहे.

तिसरी, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. मुरूम किंवा खडकापर्यंत पाया नेलेला असेल तर फारशी काळजी नाही. पण जुनी एकमजली शाळा, चौकीदाराची खोली, सायकल स्टँड, कंपाउंडची भिंत यांचे पाये बहुधा उथळ असतात. भिंतीत तिरपा तडा, वर रुंद खाली अरुंद, आणि उन्हाळ्यात उघडणारा पावसाळ्यात मिटणारा, असं असेल तर दोषी माती आहे. तिथे प्लास्टर करून काही होत नाही. इमारतीभोवतीचा फरसबंदी पट्टा नीट आहे का, न्हाणीघराचा पाइप पायाजवळ गळतोय का, भिंतीला खेटून मोठं झाड आहे का, ते आधी बघायचं.

चौथी, पाऊस. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. शिवाय तो सारखा वाटून पडत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे काही तासांत शंभराहून जास्त मिलिमीटर कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तळघरात मीटर, पंप किंवा जनरेटर असलेल्या संस्थांना त्या दिवशी काय झालं ते विसरता येणार नाही. तेव्हापासून मी मुख्य पॅनेल जमिनीपासून किती उंच आहे ते फुटपट्टीने मोजून लिहितो.

तपासणी कधी करावी? आमच्याकडे मे महिन्याच्या सुटीत सगळं करतात.

इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

मे महिन्यात गच्ची कोरडी ठणठणीत असते. ओल कुठून येते ते दिसत नाही. दिसतो तो गेल्या वर्षीचा डाग, आणि डाग जिथे असतो तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत दोन खोल्या पलीकडे उतरतं. मे मध्ये पाहणी, मे मध्येच अंदाजपत्रक, जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईने केमिकल, आणि जुलैत पुन्हा बादल्या. हे चक्र मी एकाच इमारतीत सलग चार वर्षं पाहिलं आहे.

त्यापेक्षा असं बसवा. जुलै-ऑगस्टमध्ये, एखादा दमदार पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी गळतीची पाहणी. कोणत्या खोलीत, छताच्या कोणत्या कोपऱ्यात, फोटो आणि तारीख. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सांगाडा, प्लास्टर, नळ-ड्रेनेज. डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रक तयार. जानेवारीत संस्थेच्या बजेटमध्ये ते बसवायचं, कारण तुमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चमध्ये सुचलेल्या कामाला पैसा नसतो.

आता कामं. प्लास्टर आणि काँक्रीटची दुरुस्ती शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात ४५ अंशांत केलेलं प्लास्टर दिवसातून तीनदा पाणी मारूनही तडकतं, आणि त्या दिवसांत पाणी तरी कुठे असतं? गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी दहाच्या आत. तापलेल्या स्लॅबवर लावलेल्या कोटिंगला फुगे येतात. मे महिना मोकळा ठेवा ते वर्ग रिकामे असल्याशिवाय न होणाऱ्या कामांसाठी, म्हणजे वायरिंग, फरशी, संडास.

एक अपवाद आहे. अर्थिंगचा रोध मे महिन्यातच मोजायचा. जमीन कोरडी असते तेव्हा तो सर्वांत जास्त येतो. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत मोजला तर आकडा छान येईल आणि तुमची फसवणूक होईल. इलेक्ट्रिक पॅनेलचे थर्मल कॅमेऱ्याने फोटोही एप्रिल-मेमध्ये दुपारी, सगळे कूलर-एसी चालू असताना. ढिला जोड तेव्हाच तापतो.

कोणती यंत्रं लागतात? खर्चिक चाचण्या सुचवतात म्हणून विचारतो.

नव्वद टक्के तपासणी डोळे, टॉर्च, छोटी हातोडी आणि ओल मोजायचं साधं मीटर यांवर होते. हातोडीने स्लॅबच्या खालून हलकेच ठोकत जायचं. भरीव काँक्रीट खणखणतं, सुटलेलं पोकळ वाजतं. सराव झालेल्या माणसाला डोळे मिटून कळतं.

संशय आला तिथेच पुढच्या चाचण्या. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाची कठीणता सांगतो. अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटीमध्ये काँक्रीटमधून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजतात. सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी आलं तर आत काहीतरी बरोबर नाही. हाफ-सेल पोटेन्शियल सळईच्या गंजाचा अंदाज देतं, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता फार मोठी. आणि सर्वांत स्वस्त चाचणी फिनॉल्फ्थॅलिनची: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारायचं, गुलाबी झालं तर ठीक, रंग नाही आला तर तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलं. एवढ्याने सळईची पुढची दहा वर्षं कळतात.

कोणताही आकडा एकट्याने खरा मानू नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, दिवसभर गावभर चर्चा झाली, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. रिबाउंड हॅमरही प्लास्टरवर मारला की असाच काहीतरी आकडा देतो. एका ऑडिटमध्ये प्लास्टर न काढताच सगळ्या कॉलमची वाचनं घेतलेली मी पाहिली आहेत. पानं भरपूर होती.

संचालक मंडळाला एका आकड्यात स्थिती कशी सांगावी?

त्यासाठी फॅसिलिटी कंडिशन इंडेक्स, थोडक्यात एफसीआय, वापरतात. राहून गेलेल्या दुरुस्त्यांचा एकूण खर्च भागिले तीच इमारत आज नव्याने बांधायचा खर्च. ५ टक्क्यांपर्यंत चांगली, ५ ते १० ठीकठाक, १० च्या वर वाईट, असा रूढ ठोकताळा आहे.

हिशेब करून बघू. समजा कॅम्पसवर १०,००० चौरस मीटर बांधकाम आहे आणि नव्याने बांधायला चौरस मीटरला २५,००० रुपये धरले. म्हणजे २५ कोटी. राहून गेलेली कामं २ कोटींची. एफसीआय आला ८ टक्के. मंडळ म्हणेल, ठीकठाक आहे, चला पुढच्या विषयाकडे. आता त्यातलं २,००० चौरस मीटरचं वसतिगृह वेगळं काढा. त्याची किंमत ५ कोटी आणि एकट्या त्याची थकलेली कामं ९० लाखांची. १८ टक्के. बाकी सगळा कॅम्पस साडेपाच टक्क्यांवर. सरासरीने वसतिगृह लपवलं होतं. म्हणून हा आकडा इमारतवार द्या, कॅम्पसचा एकच आकडा कधीही देऊ नका. आणि एफसीआय धोका सांगत नाही हेही लक्षात ठेवा. २ टक्केवाल्या इमारतीत लोंबकळणारा एक छज्जा असू शकतो.

दर वर्षी देखभालीला किती पैसा ठेवावा?

अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी सांगितलेलं प्रमाण जगभर वापरलं जातं: नव्याने बांधायच्या किमतीच्या २ ते ४ टक्के, तेही नेहमीच्या देखभालीसाठी, थकलेली कामं वेगळी. वरच्या उदाहरणात ५० लाख ते १ कोटी. हा आकडा ऐकल्यावर बैठकीत शांतता पसरते. वेतनेतर अनुदान किती येतं आणि कधी येतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. म्हणून मी टक्केवारीवर अडून बसत नाही. गेल्या पाच वर्षांची दुरुस्तीची बिलं काढा, त्यातली किती ठरवून केलेली आणि किती धावपळीत केलेली ते वेगळं करा. धावपळीच्या कामांचा वाटा दर वर्षी कमी होत गेला तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात, टक्केवारी काहीही असो.

खरंच पैसा वाचतो का? की सल्लागारांची फी तेवढी वाढते?

रास्त प्रश्न. फी वाया गेलेल्या संस्थाही पाहिल्या आहेत, त्यांनी अहवाल कपाटात ठेवला.

डी सिटर नावाच्या डच अभियंत्याने १९८४ च्या सुमारास पाचाचा नियम मांडला: बांधताना ज्या गोष्टीला १ रुपया लागला असता तिला वेळेवर देखभालीत ५, बिघाड सुरू झाल्यावर दुरुस्तीत २५ आणि पार हाताबाहेर गेल्यावर १२५ लागतात. आकडे शब्दशः घ्यायचे नसतात. पण चढ तसाच असतो.

आपल्या गच्चीवर मांडू. ४,००० चौरस फुटांची वसतिगृहाची गच्ची. दर मी हिशेबापुरते धरलेत, तुमच्या कंत्राटदाराचे वेगळे असतील. पावसाळी पाइपांची तोंडं, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाचे वाटे, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार, आणि सांधे नीट करायला ४०,००० रुपये. हे नाही केलं तर काही वर्षांत पूर्ण वॉटरप्रूफिंग, फुटाला १०० रुपये म्हणजे ४ लाख. तेही लांबवलं आणि खालच्या स्लॅबचा चौथा हिस्सा, १,००० चौरस फूट, गंजला. टेकू, गंजलेलं काँक्रीट फोडणं, सळईला प्रक्रिया, पॉलिमर मॉर्टर, प्लास्टर, रंग, फुटाला ६०० धरले तरी ६ लाख. आणि वरचं ४ लाखांचं वॉटरप्रूफिंग काही चुकलं नाही. ४०,००० चे १० लाख झाले, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांना दोन महिने कुठे ठेवायचं तो प्रश्न वेगळा.

वीजबिलात बचत जरा वेगळ्या रीतीने होते. जुना सीलिंग पंखा साधारण ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. ३०० पंखे, दिवसाला ८ तास, वर्षाला २२० दिवस: सुमारे २३,७०० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर २ लाख ३७ हजार. हे ऐकून काही संस्था चालू पंखे काढून ३०० नवे घेतात, ९ लाख घालून. चार वर्षांनी पैसे फिटतात. त्यापेक्षा तपासणीच्या यादीत ज्या पंख्यांचं आयुष्य संपत आलंय तेवढेच बदलत जा. ते बदलायचेच होते, म्हणजे साध्या आणि बीएलडीसी पंख्यातला फरकच काय तो जादा खर्च. तो १,४०० रुपये धरला तर दोन वर्षांच्या आत वसूल. यादी हाताशी असण्याचा हा असा फायदा.

एचटी, म्हणजे उच्चदाबाचं, कनेक्शन असेल तर पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँकही बघून घ्या. महावितरणचं एचटीचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे एकूण ओढलेल्या विजेवर, येतं. पॉवर फॅक्टर म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी आलेला वाटा. तो घसरला की न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. अर्धे कपॅसिटर मेलेले आणि पॅनेलवर सुंदर हिरवा दिवा, असं दृश्य नेहमीचं.

पैसे कमी आहेत. आधी काय करावं?

माझ्या मते स्थिती-तपासणीचं मुख्य काम हेच: यंदा काय करायचं नाही ते निर्धास्तपणे ठरवता येणं.

पहिला क्रम जीवावर बेतणाऱ्या गोष्टींचा. सुटलेला छज्जा, उघडी वायर, बंद फायर पंप, कललेली कंपाउंड भिंत. याला बजेटची वाट बघायची नसते, आणि पैसे नसतील तर निदान खाली दोरी बांधून रस्ता बंद करायला पैसे लागत नाहीत.

दुसरा क्रम पाण्याचा. गच्ची, टाक्या, ड्रेनेज, छज्जे. पाणी एका जागी थांबत नाही. गळका संडास खालच्या मजल्याचा स्लॅब, मग वायरिंग, मग पाया, असा खात जातो. एक रुपया असेल आणि दहा कामं असतील तर तो पाण्यावर घाला.

मग ज्या गोष्टी बंद पडल्या तर कॉलेज बंद पडतं त्या: मुख्य पॅनेल, पंप, लिफ्ट.

रंग सगळ्यात शेवटी. याच्यावर माझे विश्वस्तांशी दर वर्षी वाद होतात. रंग दिसतो, वाटे आणि पाइप दिसत नाहीत, आणि वार्षिक संमेलनाला पाहुणे येतात. मी एवढंच म्हणतो की ओल्या भिंतीवर मारलेला रंग एक पावसाळा टिकतो. आधी ओल थांबवा, एक उन्हाळा भिंत वाळू द्या, मग खुशाल रंगवा.

आमची मुख्य इमारत ब्रिटिशकालीन, दगडी आहे. तिला काय लागू होतं?

नागपुरात अशा इमारती बऱ्याच आहेत. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, विद्यापीठालाच २०२३ मध्ये शंभर वर्षं झाली. जुन्या दगडी-विटांच्या बांधकामात चुना आहे, आणि चुना श्वास घेतो: भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. त्यावर सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत अडकते, क्षार बाहेर ढकलले जातात आणि दोन वर्षांत ते प्लास्टर दगडाचा पापुद्रा घेऊनच खाली येतं. चुन्याचं काम करणारे कारागीर कमी उरलेत, शोधावे लागतात, महाग पडतात. तरी तेच करा. इमारत शहराच्या वारसा यादीत असेल तर हात लावण्याआधी महापालिकेच्या वारसा समितीकडे जावं लागतं. लाकडी तुळयांना आणि चौकटींना उधई लागली आहे का ते स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत पोकळ असूनही वरून तेलपाणी केलेलं चकचकीत दिसतं.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. आगीसंदर्भात २००६ चा राज्याचा अधिनियम आहे. तो लागू असलेल्या इमारतीत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. लिफ्टची तपासणी वेगळी. या सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहून कार्यालयात टांगा. कागदाच्या पलीकडे, फायर पंप स्वतः उभं राहून चालू करून बघा. प्रमाणपत्र ताजं आणि टाकी कोरडी असं घडतं.

कंत्राटदार फुकट तपासणी करून देतो म्हणतो. द्यावी का?

नाही. ज्याला काम मिळणार आहे त्यानेच आजार ठरवला तर औषध मोठं निघतं. तपासणाऱ्याला त्या दुरुस्तीचं कंत्राट मिळणार नाही असं आधीच लिहून घ्या. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे स्थापत्य विभाग आणि त्यांच्या प्रयोगशाळा हा एक चांगला मार्ग आहे. अंदाजपत्रकाचे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून बघा, आणि जीएसटी धरलाय का तेही.

आमचा स्वतःचा माणूस काही करू शकतो का?

खूप काही. एका महाविद्यालयात आम्ही दोन दिवस यंत्रं घेऊन गळतीचं मूळ शोधत होतो. संध्याकाळी चौकीदार काका जवळ आले. “साहेब, ते तं दरवर्षीच गळते. वरचा पाइप पानांनी बुजते ना, मंग पानी त्या कोपऱ्यात साचते.” वर गेलो. बाजूच्या कडुनिंबाचा पाला, आणि पाइपच्या तोंडाला जाळीच नाही. काका अठरा वर्षं तिथे होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून तपासणीचा पहिला तास मी चौकीदार, सफाई कर्मचारी, वायरमन आणि वॉर्डनबाईंसोबत चहा घेत घालवतो. तुम्ही एक जाड रजिस्टर ठेवा. तारीख, जागा, काय बिघडलं, कोणी नीट केलं, किती लागले. मृग लागायच्या आत एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा सगळ्या गच्च्या झाडून पाइपांची तोंडं मोकळी करायची, आणि केल्याची सही. भिंतीच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढायचं. संशयित तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख टाकायची. काच फुटली तर तडा जिवंत आहे, मग आम्हाला बोलवा.

सॉफ्टवेअर घ्यावं का?

वीसपेक्षा कमी इमारती असतील तर एक्सेल पुरेसं आहे. रजिस्टर भरलं जात नसेल तिथे सॉफ्टवेअरही भरलं जाणार नाही.

नॅकसाठी याचा उपयोग होतो?

होतो. पायाभूत सुविधांच्या निकषात देखभालीचा खर्च आणि त्याची पद्धत विचारतात. दर वर्षीची यादी, फोटो आणि बिलं एकत्र असली की ते पान शेवटच्या रात्री बसून लिहावं लागत नाही.

किती वर्षांनी पुन्हा करायची?

पूर्ण तपासणी दर तीन ते पाच वर्षांनी, जुन्या आणि वाईट इमारतींची तीन धरा. मधल्या वर्षांत पावसाळ्यातली गळतीची फेरी आणि मे महिन्यातली विजेची फेरी चुकवायची नाही. सगळा कॅम्पस एकदम परवडत नसेल तर दर वर्षी तिसरा हिस्सा घ्या. सुरुवात वसतिगृहापासून करा, तिथे माणसं रात्री झोपलेली असतात.

अहवाल आला आहे, दोनशे पानांचा. आता?

शेवटची खर्चाची तक्ते-पानं वेगळी काढा आणि एका कागदावर आणा: इमारत, काम, खर्च, नाही केलं तर काय, कोणत्या वर्षी. पाच वर्षांचे पाच रकाने. पुढे ढकललेल्या प्रत्येक कामापुढे ते कोणी आणि का ढकललं ते लिहून मंडळाची सही घ्या. सही मागितली की निम्मी कामं पुढे ढकलली जात नाहीत, हा माझा अनुभव. मग तो कागद घेऊन चौकीदार काकांबरोबर गच्चीवर जा आणि त्यांना विचारा, यात काय राहिलंय.